काळी, पांढरी आणि तांबडी : वऱ्हाडातील छपरांचा इतिहास

अकोल्याहून दर्यापूर, अंजनगाव-सुर्जी, परतवाडा असे करीत चिखलदऱ्याला जायचे असेल, तर एस.टी.त खिडकीजवळची जागा धरावी आणि शेतांऐवजी घरांच्या डोक्यांकडे पाहत जावे. आता जिकडे तिकडे स्लॅब आणि टिनपत्रे दिसतात हे खरे. पण जुन्या वस्तीत नजर टाकली की काही गोष्टी अजून ओळखू येतात. दर्यापूरच्या आसपासच्या खेड्यांतली जुनी घरे वरून सपाट, म्हणजे धाब्याची. सातपुडा समोर दिसू लागला की छपरे उतरती होतात आणि त्यांवर तांबडे कवेलू येतात. घाट चढून मेळघाटात शिरले की कोरकूंच्या गावात समोरासमोरच्या दोन रांगांतली घरेच्या घरे कवेलूंची. सारे मिळून शे-सव्वाशे किलोमीटरचे अंतर; पण तेवढ्यात छप्पर या गोष्टीची कल्पनाच बदलून जाते.

(पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी : आमच्याकडे कौलाला कवेलू म्हणतात, माळवदाला धाबे आणि पत्र्याला टिन.)

शिक्षकांच्या एका शिबिरात हा विषय निघाला तेव्हा दर्यापूरकडच्या एका गुरुजींनी मला अडवले. म्हणाले, "पाऊस जास्त तिथे उतरते छप्पर, पाऊस कमी तिथे सपाट, असे आम्ही भूगोलात शिकवतो. मग आमच्याकडे पाऊस पडत नाही काय?" प्रश्न रास्त होता. अकोल्याला वर्षाकाठी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लंडनला पडतो ६०० च्या जवळपास, आणि तिथली जुनी घरे तर सगळी उतरत्या छपरांची! चिखलदऱ्याला अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस आहे, तेव्हा तिथल्या उतरत्या छपराचा उलगडा होतो. पण मैदानातले धाबे नुसत्या पावसाच्या आकड्यावरून समजत नाही. त्यासाठी पायाखालची माती पाहावी लागते.

आपल्या खेड्यांत 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. हे शब्द नुसते रंगाचे नाहीत. काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे मृत्तिका-खनिज भरपूर असते. या खनिजाचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्यांच्या फटींत शिरून त्यांना दूर सारते. म्हणून ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला हे मानवते, छपराला मात्र मुळीच नाही. पांढरी माती म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीची माती : राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींचा गाळ यांची मिसळ. ती फुगत कमी, भेगाळत कमी. धाब्यावर घालायची ती हीच. (पांढरीची टेकाडे म्हणजे जुन्या वस्तीच्या खुणा, हे पुरातत्त्वज्ञांना पक्के ठाऊक असते. घरांसाठी माती नेता नेता महाराष्ट्रात अशी कितीतरी टेकाडे नाहीशी झाली. छपराच्या इतिहासाने दुसरा इतिहास खाल्ला, असेच म्हणावे लागेल.)

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारे आणि बरीचशी जमीन चोपण. आमच्या आजोबांचे घर या पट्ट्यातले. मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती पसरून ती चोपून घेण्याचे काम दरवर्षी होई. खाऱ्या मातीने पाणी कसे अडणार, असे मला लहानपणी वाटे. तिचे रसायनशास्त्र कळले ते फार पुढे. मातीच्या कणांवर सोडियमचे आयन जास्त असले की ओल लागताच कण एकमेकांना धरून न राहता सुटे होतात, आणि ते बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात. छिद्रे बुजली की पाणी मुरत नाही. चोपण जमिनीत पाणी साचून पीक मरते ते याच कारणाने. शेतकऱ्याचा जो शाप, तोच धाब्याचा वर. अशी माती निवडणाऱ्यांनी आयनांचे नावही ऐकले नव्हते; त्यांनी डबकी पाहिली होती.

धाब्याला दुसरे कारण उन्हाचे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दिवसाच्या उष्णतेची लाट कोरड्या मातीत साधारण दर १० सेंटिमीटरला सुमारे एक-तृतीयांश उरते आणि चारेक तास मागे पडते. थर ३० सेंटिमीटरचा असला, तर छतावरच्या चढउताराचा जेमतेम विसावा हिस्सा खाली पोचतो, आणि तोही अकराबारा तासांनी. म्हणजे दुपारी तीनचा ताप खालच्या खोलीत मध्यरात्रीनंतर येतो, आणि तेव्हा माणसे अंगणात किंवा धाब्यावर निजलेली असतात!

मग या मैदानात कवेलू का रुजला नाही? एक कारण लाकूड. उतरत्या छपराला आढे, वासे, रिपा लागतात. झाडे मेळघाटात, आणि परतवाडा ही सागवानाची बाजारपेठ. जंगलाच्या पायथ्याला जे स्वस्त, ते पूर्णेच्या काठी महाग. धाब्यालाही तुळया लागतातच, पण फाटीकुटी, किलच, पऱ्हाटी असे काहीही मधल्या थरात खपते. दुसरे कारण पुन्हा मातीच. काळ्या मातीचा कवेलू वाळताना आक्रसून वाकडा होतो, आणि तिच्यातले चुनखडीचे खडे त्याचा घात करतात.

हा घात मी डोळ्यांनी पाहिला आहे. १९९१ च्या उन्हाळ्यात माझ्या मामांनी घर फेरायला काढले आणि एका भट्टीवरून दोन हजार कवेलू आणवले. रंगाने उत्तम, आकाराने सारखे. पहिल्या पावसानंतर दोन दिवसांनी रात्री छपरावर टचटच आवाज येऊ लागला. मामी म्हणाली, भुताटकी आहे. सकाळी पाहतो तो कवेलूंच्या पाठीवर रुपयाएवढ्या खपल्या उडालेल्या, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. दिवाळीपर्यंत चौथा हिस्सा कवेलू वाया गेले. भट्टीवाल्याने हात वर केले, आणि मामांना वर्षभर कर्ज फेडावे लागले.

झाले होते ते असे. चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भट्टीत ८०० ते ९०० अंशांच्या दरम्यान विघटन पावते; कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. हा चुना कवेलूच्या पोटात गप्प बसतो. पावसाचे पाणी झिरपले की तो विरतो, आणि विरताना त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. भाजलेली माती ताणली जात नाही, ती फुटते. उपाय दोन. माती इतकी बारीक दळून चाळायची की खडा उरूच नये. किंवा भट्टीतून काढलेले कवेलू लगेच भरपूर पाण्यात बुडवायचे. मग चुना विरून त्याची निवळी होते आणि जोर करीत नाही. वर्गात हे दाखवणे सोपे आहे. शेतातल्या मातीवर लिंबाचा रस किंवा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. जिथे फसफसेल ती माती कवेलूची नव्हे.

भाजलेल्या मातीचे छप्पर दख्खनला काही नवे नाही. नेवासे येथे ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले, आणि त्याआधी १९४५-४६ साली कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी. सातवाहनकालीन वस्त्यांतून, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरांतून, मातीची चपटी कौले मिळतात. त्यांवर पाणी वाहून नेणाऱ्या खाचा आणि एका कडेला खिळ्यासाठी दोन भोके असतात. याच दीक्षितांनी पुढे अमरावती जिल्ह्यात वर्धेकाठी कौंडिण्यपूरला उत्खनन केले. सातवाहनांनंतर ती खाचांची कौले मागे पडली आणि कुंभाराच्या चाकावरची नळी पुढे आली.

नळीच्या कवेलूची युक्ती पाहण्यासारखी आहे. कुंभार चाकावर एका तोंडाला रुंद, दुसऱ्या तोंडाला अरुंद अशी नळी ओढतो, ओली असतानाच उभी चिरतो, आणि भाजल्यावर तिचे दोन अर्धगोल होतात. एक ओळ उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी. अरुंद तोंड रुंद तोंडात बसते, म्हणून खिळा लागत नाही, चुना लागत नाही. दरवर्षी पावसाआधी सारे छप्पर उतरवून, फुटके काढून, पुन्हा रचायचे. याला आमच्याकडे कवेलू फेरणे म्हणतात, तिकडे शाकारणी. हे काम माहीत असणारी माणसे गावोगाव होती. खरा शत्रू वेगळाच : वानर. टोळी आळीतून उड्या मारीत गेली की पंधरा दिवसांची मेहनत पाच मिनिटांत पागोळ्यांबरोबर खाली येते.

जगभर तुकड्यांच्या छपरांचे तत्त्व एकच आहे. हिमाचलात स्लेटच्या पाट्या, काही डोंगरी भागांत देवदाराच्या फळ्या, अमेरिकेत लाकडाच्या आणि पुढे डांबरी कागदाच्या चकत्या. प्रत्येक तुकडा खालच्यावर चढतो, पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरते, आणि उन्हात प्रत्येकाला स्वतंत्रपणे प्रसरण पावायला जागा मिळते. डांबरी चकत्यांना मात्र खाली अखंड फळ्यांचे तळवट लागते आणि कडक उन्हात डांबर मऊ पडते. अकोल्याला त्या कोणी लावल्याचे मी पाहिले नाही, आणि लावू नयेत.

आता कापसाकडे वळू. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा असे करीत १८६७ साली नागपूरला पोचली. तिच्या डब्यांतून कापूस गेला आणि परत येताना दोन नवी छपरे आली.

पहिले पन्हळी पत्र्याचे. लंडनच्या गोदीत काम करणारे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. सोरेल या फ्रेंच रसायनज्ञाने १८३७ साली लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले. पातळ कागदाला घड्या घातल्या की तो उभा राहतो, हा प्रयोग आपण मुलांना दाखवतोच. पन्हळ म्हणजे तेच. जिनिंग-प्रेसिंगच्या लांबरुंद शेडांना असे हलके, न पेटणारे छप्पर हवेच होते. रुईच्या गंजीशेजारी गवताचे छप्पर म्हणजे आगीला आवतण.

दुसरा 'इंग्रजी कवेलू'. हे नाव मोठे गमतीचे आहे, कारण त्यात इंग्रजी काहीही नाही. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांच्या कौलाचे पेटंट १८४१ साली फ्रान्समधील अल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी घेतले. स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशनचे जर्मन कारागीर-पाद्री गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. माती नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची, राबणारे हात तिथलेच. जहाजांतून कौले मुंबईला उतरत आणि पुढे रेल्वेने चढत. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले, पण तोवर आसपास इतरांचे कारखाने उभे राहिले होते. वऱ्हाडात हा कवेलू स्टेशने, बंगले, वनखात्याची विश्रामगृहे यांवर आला. साहेबाच्या घरावर आला म्हणून इंग्रजी!

त्यातली सुधारणा कोणती? नळीच्या कवेलूंचा दुहेरी थर जिथे नुसत्या वजनावर टिकतो, तिथे हा एकेरी थर खाचेत खाच घालून बसतो. पाठीमागच्या नखांनी तो रिपेला धरतो. शेजारच्या दोन कवेलूंमधली फट उघडी नसते. एकाची कड दुसऱ्याच्या पन्हळीवर येते, आणि आत शिरलेला थेंब पन्हळीतूनच खालच्या कवेलूवर उतरतो. साधारण ४१ सेंटिमीटर लांबीचा कवेलू ३२ सेंटिमीटर अंतराच्या रिपांवर बसवतात. उरलेले ९ सेंटिमीटर वरच्याखाली झाकले जातात. बसवायला सुरुवात वळचणीपासून, शेवट आढ्यावरच्या कोन्यांनी. रिपांचे अंतर एक सेंटिमीटरने चुकले, तरी दहाव्या ओळीला दहा सेंटिमीटरचा घोळ होतो. म्हणून जुने सुतार रिपेइतकी लांब काठी कापून घेत आणि टेप खिशातच ठेवत.

उताराबाबत एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चार मीटर रुंद खोलीवर आढे मध्ये एक मीटर उचलले, तर वाशाचा उतार सुमारे २७ अंश. पण प्रत्येक कवेलूचे खालचे टोक दुसऱ्या कवेलूवर टेकलेले असते, म्हणून कवेलूचा स्वतःचा उतार तीनचार अंशांनी कमी भरतो. वाशाला २० अंश देणाऱ्याच्या कवेलूला मिळतात १६-१७, आणि मग वाऱ्याचा झोत आणि केशाकर्षण मिळून पाणी उलटे वर चढवतात. गळक्या छपराचा दोष बहुतेक वेळा कवेलूचा नसून या वजाबाकीचा असतो.

निवड करताना जुनी माणसे टिचकी मारत. खणखणीत वाजला तर भाजणी पक्की, बद्द वाजला तर कच्ची किंवा आत चीर. दुसरी परीक्षा पाण्याची : कोरडा कवेलू तोलावा, २४ तास बुडवून पुसून पुन्हा तोलावा. कोरड्या वजनाच्या १८ ते २० टक्क्यांहून जास्त पाणी प्यायला, तर घेऊ नये. भारतीय मानक ६५४ हे याच कवेलूसाठी आहे. खारपाणपट्ट्यात ही परीक्षा जास्तच कडक असावी, कारण सच्छिद्र कवेलूत खारे पाणी शिरले की सुकताना क्षारांचे स्फटिक वाढतात आणि पापुद्रे सुटतात. भिंतींना लोणा लागतो तसाच हा प्रकार.

छपराच्या वजनाचा हिशेब मात्र प्रत्येक शाळेत एकदा करून पाहावा. तीन बाय चार मीटरची खोली घ्या. ३० सेंटिमीटर जाडीचे धाबे, घनमीटरला १६०० किलो धरले, तर त्या १२ चौरस मीटरांवर पावणेसहा टन माती होते, लाकूड वेगळे. त्याच खोलीवर इंग्रजी कवेलू : उतारामुळे छप्पर साडेतेरा चौरस मीटर, चौरस मीटरला १५ कवेलू, प्रत्येकी अडीच किलो; अर्धा टन. टिनाचे वजन सत्तर किलोच्या आसपास. हा हिशेब कोरडा वाटत असेल, तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. धाब्याच्या गारव्याचे कौतुक मी वर केले आहे, ते मागे घेत नाही. पण ही दुसरी बाजू त्याच्याशेजारी लिहिली पाहिजे.

तरीही वऱ्हाडात कवेलू आणि धाबे दोन्ही गेले ते भूकंपाच्या भीतीने नव्हे. सागवान महागले. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर जंगलाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. कुंभारांची मुले दुसऱ्या कामाला लागली. १९८५ पासून इंदिरा आवास योजनेची आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुले आली. सिमेंटचे पत्रे आले, पण त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते फुफ्फुसांत गेले तर घातक ठरतात, आणि तिथल्या कामगारांच्या आरोग्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली महत्त्वाचा निर्णय दिला. असा पत्रा घरी असेल तर तो घासू, कापू किंवा फोडू नये. आणि मग टिन. एका दिवसात चढते, वानराच्या उडीने फुटत नाही. वादळात उडू नये म्हणून मात्र नुसते वर धोंडे ठेवून भागत नाही; पत्रा खालच्या लाकडाला आकड्यांच्या बोल्टने पक्का आवळावा लागतो.

फक्त अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला पोट नसते. वरच्या बाजूचे तापमान तेच खालच्या बाजूचे, तेही तत्काळ. नवा पत्रा चमकतो, ऊन थोडे परतवतो. पण चकचकीत जस्ताची उत्सर्जनक्षमता कमी असल्याने शोषलेली उष्णता तो आकाशाकडे नीट टाकू शकत नाही. जुना झाला, गंजला की तो ऊनच जास्त शोषतो. दुपारी त्याच्याखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तापलेला तवा असतो. कवेलू दीड सेंटिमीटर जाडीचा, उष्णतेचा मंद वाहक, आणि सांध्यांतून वरची तापलेली हवा निसटते; हा फरक अंगाला लगेच कळतो. मार्च-एप्रिलमध्ये टिनाखालच्या वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांना मी काय सांगावे?

यंदा आमच्या मोठेबाबांच्या अंजनगावच्या घराचा प्रश्न आला. सव्वीस वर्षांपूर्वी बसवलेला इंग्रजी कवेलू, वासे दोन ठिकाणी वाळवीने खाल्लेले. मी कवेलूची बाजू घेऊन बोललो. मोठेबाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अरे बापू, थे सारं खरं हाये. पन फेरनारा भेटला पाह्यजे ना! वानरं एका उडीत धा कवेलू फोडतात, अन् मले आता वर चढनं होत नाही." माझ्या पेटंटांच्या तारखांकडे यावर उत्तर नव्हते.

शेवटी तोडगा निघाला तो गावातल्या एका सुताराने सुचवलेला. खाली टिन, त्यावर उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा, आणि वर तेच जुने कवेलू. फुटला तर पाणी टिनावरून वळचणीला जाते, घरात येत नाही; ऊन कवेलू झेलतो, आणि मधल्या फटीतून हवा आढ्याकडे चढून बाहेर पडते. खर्च टिनाच्या दीडपट आला. लाकूड आणि पत्रा धरून वजन अर्ध्या टनाच्या थोडे वर.

शंभरेक कवेलू उरले, ते मागच्या पडवीत रचून ठेवले आहेत. त्यांच्या पाठीवर 'मंगलोर' ही उठावाची अक्षरे अजून स्पष्ट लागतात. पुतणीने त्यांतला एक शाळेत नेऊन तोलला : कोरडा २ किलो ४५० ग्रॅम, दिवसभर पाण्यात ठेवल्यावर २ किलो ८६० ग्रॅम.